ज्या इंजिनाला पाणी लागणार नव्हतं

रुडॉल्फ डिझेल हे नाव फोनवर शोधून बघा. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला त्याचा मृत्यू सापडेल. २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह मिळाला. आत्महत्या, अपघात की खून, यावर लोक अजून व्हिडिओ करतायत.

मला रस आहे तो त्याच्या दुसऱ्या एका गोष्टीत. तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. डिझेलनं कागदावर जे इंजिन मांडलं होतं, त्याला थंड करायला पाणी लागणारच नव्हतं. आज घाटात बॉनेट उघडून, वाफ सोडत उभी असलेली जुनी डिझेल गाडी तुम्ही पाहिली असेल. शेजारी पाच लिटरचा कॅन घेऊन उभा असलेला ड्रायव्हरही पाहिला असेल. त्या दृश्याचा इतिहास या न लागणाऱ्या पाण्यापासून सुरू होतो. गाडी गरम का होते आणि तिची ओढ का जाते, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हेही त्याच इतिहासात कळतं.

डिझेल म्युनिकला शिकत होता तेव्हा त्याचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडं. बर्फ बनवायच्या यंत्रांमुळे गाजलेला हा माणूस. १८७८च्या सुमारास लिंडंनी वर्गात सांगितलं की उत्तमातलं उत्तम वाफेचं इंजिनही कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णता कामाला लावतं. बाकीची वाया. वीस वर्षांच्या डिझेलच्या मनात हे घर करून बसलं. पुढे तो पॅरिसला लिंडंच्याच बर्फाच्या धंद्यात नोकरीला लागला. दिवसभर उष्णता काढून टाकायचं काम आणि डोक्यात उष्णता वाया न घालवणाऱ्या इंजिनाचा विचार, असं त्याचं बरीच वर्षं चाललं.

त्याची कल्पना समजायला सायकलचा पंप आठवा. जोरात हवा भरली की पंपाचं तोंड तापतं. हवा दाबली की ती गरम होते. डिझेलनं ठरवलं, हवा इतकी दाबायची की तिच्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटेल. इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत शिकतो. पुढचा भाग पुस्तकात नसतो. इंधन असं हळूहळू सोडायचं की जळताना निघणारी उष्णता त्याच क्षणी पिस्टन ढकलण्यात खर्च व्हावी. मग तापमान वाढायला जागाच उरणार नाही, आणि तापमान वाढलं नाही तर सिलिंडर थंड कशाला करायचा? १८९३च्या त्याच्या पुस्तकातला हिशोब सांगत होता की असं इंजिन ७३ टक्क्यांपर्यंत उष्णता कामाला लावू शकेल.

त्याच वर्षी जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिलं चाचणी-इंजिन उभं राहिलं. सिद्धांताला धरून, सिलिंडरभोवती पाणी न ठेवता. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. स्फोट झाला आणि दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. इंधन पेटतं, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं. पण पुढच्या चाचण्यांत पाणी आलं. १७ फेब्रुवारी १८९७ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी ज्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली, त्याच्या सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट होतं. सुमारे १८ अश्वशक्ती आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. ७३चं वचन आणि हातात २६. तरीही ते त्या काळातलं सगळ्यात काटकसरी इंजिन होतं आणि जगभरातल्या कंपन्या परवान्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या.

मधले जे टक्के हरवले, त्यांचं काय झालं? ते उष्णतेच्या रूपात बाहेर गेले, आणि आजही जातात. जुन्या डिझेल गाडीचा ढोबळ हिशोब असा मांडतात: टाकीतल्या इंधनाची एक तृतीयांश उष्णता चाकाच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेली एक तृतीयांश पाण्यातून रेडिएटरला जाते. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण वाटण्या तीनच. एका वाटणीत काही कमी पडलं, तर ते दुसऱ्या दोन्हींत कुठेतरी जास्त झालेलं असतं. म्हणून ओढ कमी होणं आणि इंजिन तापणं ही बहुतेक वेळा एकाच घरातली भांडणं असतात.

आपल्याकडे डिझेल इंजिन खेड्यात पोचलं ते आधी विहिरीवर. साताऱ्याचं कूपर असेल, १९४६मध्ये पुण्यात सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स असेल, या इंजिनांनी ऊस आणि भाजी पिकवली. विहिरीवरच्या इंजिनाला तापायची भीती कमी. ते जे पाणी उपसतं, त्यातलंच थोडं जॅकेटमधून फिरवायचं आणि पाटात सोडून द्यायचं. पाणी संपत नाही आणि आत येणारं पाणी कायम गार.

गाडीला ही चैन नाही. तिला आपली विहीर पाठीवर घेऊन फिरावं लागतं, आणि तेच दहाबारा लिटर पाणी पुन्हा पुन्हा वापरावं लागतं. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत, १८८६मध्ये, पाणी सरळ उकळून उडून जायचं आणि ड्रायव्हर वरून ओतत राहायचा. यावरचा खरा उपाय विल्हेल्म मायबाखनं काढला. १९०१च्या मर्सिडीझ गाडीसाठी त्यानं आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या एकत्र जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. थोडं पाणी, पण वाऱ्याला लागणारं अंग प्रचंड. आजचा रेडिएटर त्याचाच वंशज.

डिझेल इंजिन मात्र तेव्हा गाडीत बसण्याजोगं नव्हतं. इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागायची आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. जहाज, वीजघर, कारखाना इथपर्यंतच त्याची मजल. १९२७ साली बॉशनं इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि चित्र पालटलं. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. प्रत्येक फेरीला, ठरलेल्या क्षणी, डिझेलचे अगदी मोजके थेंब. भारतात १९५१मध्ये बंगळुरूत मायको कंपनी सुरू झाली, १९५४मध्ये टाटा आणि डायमलर-बेंझ यांचा ट्रकसाठी करार झाला, आणि डिझेल आपल्या रस्त्यांवर पसरलं. नाशिकमध्ये मायकोचा कारखाना इतका मुरला की तिथल्या चौकाला लोक मायको सर्कल म्हणूनच ओळखतात.

आता हा सगळा इतिहास एका गाडीत कसा भेटतो, ते सांगतो.

माझा मामा कराडहून भाजी भरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचा. उन्हाळ्यात येताना आंब्याच्या पेट्या. गाडी जुनी डिझेल पिकअप, कॉम्प्युटर नावाचा प्रकार नसलेली. त्या वर्षी एप्रिल लागला आणि ती घाटात तापायला लागली. काटा लाल रेषेला टेकायचा. तिसऱ्यात चढणारं वळण ती दुसऱ्यातही रडत चढायची. मामानं पाणी बदललं, झाकण बदललं, पट्टा बदलला, रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घेतल्या. फरक शून्य. शेवटी एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, हेड उघडावं लागेल, गॅस्केट गेलंय. खर्च मामाच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा, गाडी आठवडाभर बंद, आणि आंब्याचा हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा. बँकेचा हप्ता चुकला असता.

कराडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली ती सकाळी, थंड असताना. त्यांनीच तसं सांगितलं होतं. मामा म्हणाला, “मिस्त्री, हेड उघडावं लागंल म्हणत्यात.”

“उघडू की. आदी बाहेरनं बगू दे.”

त्यांनी थंड रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी सुरू करायला लावली आणि पाण्याकडे बघत बसले. हेडचं गॅस्केट गेलं असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येत राहतात. आले नाहीत. वरचा रबरी पाइप त्यांनी दाबून पाहिला. गॅस्केट फुटलेलं असतं तर झाकण लावल्यावर मिनिटाभरात, इंजिन गरम व्हायच्या आधीच, तो दगडासारखा कडक झाला असता. तो मऊ होता. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे त्यात पाणी नाही. हेड उघडायचा विषय तिथेच मागे पडला.

मग गाडी गरम केली. रेडिएटरच्या जाळीवरून अंतर ठेवून हात फिरवला. कुठे गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद असतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत साचतो, चहाच्या भांड्याला बसतो तसा, आणि उष्णता अडवून धरतो. इथे सगळीकडे सारखी ऊब होती. थर्मोस्टॅट आहे का, हे विचारलं. पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी ही छोटीशी झडप बरेच जण ‘आपल्याकडे गरम हवा, कशाला पाहिजे’ म्हणून काढून फेकतात. मग इंजिन थंड चालतं, धूर करतं, लवकर झिजतं. काही इंजिनांत तर उलटंच होतं. पाण्याला रेडिएटर टाळून फिरायची आडवाट मोकळी राहते आणि गाडी जास्त तापते. मामाच्या गाडीत ती होती आणि उघडत होती.

पाच किलोमीटरचा फेरा मारून आल्यावर मिस्त्रींनी चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेला. हे मला तेव्हा कळलंच नाही. नंतर लक्षात आलं: ब्रेक चिकटत असेल तर इंजिन दिवसभर त्या ब्रेकशीच झगडत राहतं. ओढ कमी वाटते, इंजिन तापतं, आणि इंजिनात दोष काहीच नसतो. ड्रम सारखेच कोमट होते. क्लच घसरत नव्हता. हवेचा फिल्टर स्वच्छ. डिझेलचा फिल्टर नवा.

मग ते नुसते ऐकत उभे राहिले. मामा कौतुकानं म्हणाला, “आवाज बगा कसा गोड झालाय. पंप करून आणल्यापासनं ठोकाच नाय.”

मिस्त्री वळले. “डिझेल गोड वाजाय लागलं की मला शंका येती. पंप कवा काढलेला?”

“शिमग्याच्या आदी.”

शिमगा मार्चमध्ये झाला होता, गाडी तापायला लागली एप्रिलमध्ये. मधे ऊन वाढलं, म्हणून सगळ्यांनी दोष उन्हाला दिला. मिस्त्रींनी सकाळचा धूर आठवायला सांगितला. हो, सुरू केल्यावर पांढरट धूर बराच वेळ राहायचा. त्यांनी पहिल्या सिलिंडरची डिझेलची नळी सोडली आणि इंजिन हातानं कणाकणानं फिरवत, नळीच्या तोंडाशी डिझेलचा थेंब नेमका कधी थांबतो ते पाहिलं. मग फ्लायव्हीलची खूण. थेंब उशिरा थांबत होता. पंप परत बसवताना काही मिलिमीटर सरकून बसला होता. नट सैल करून त्यांनी तो जागेवर फिरवला, घट्ट केला, पुन्हा थेंब पाहिला. दुपारपर्यंत गाडी सुटली. आवाज पुन्हा खडखडीत. त्या हंगामात मामाची गाडी एकदाही घाटात उभी राहिली नाही.

काही मिलिमीटरनं एवढं काय बिघडतं? डिझेल ज्या प्रश्नावर अडला, तोच हा प्रश्न आहे: इंधन कधी जळतं? वेळेवर जळलं तर दाब पिस्टनला वरच्या टोकाजवळ गाठतो आणि खालपर्यंत ढकलत नेतो. उशिरा जळलं तर पिस्टन आधीच खाली निघालेला असतो. ढकलायला अंतर कमी उरतं. ज्वाळा सिलिंडरच्या जास्त उघड्या भिंतीला चाटतात आणि धूर जास्त गरम होऊन बाहेर पडतो. इंधन तेवढंच, उष्णता तेवढीच. चाकाची वाटणी घटली आणि पाण्याची व धुराची वाढली. मग ड्रायव्हर ओढ नाही म्हणून आणखी पाय दाबतो, आणखी डिझेल जातं, आणखी उष्णता. घाटात गाडीचा वेग कमी, म्हणून समोरून वाराही कमी. रेडिएटर निरोगी असूनही हरतो. मामानं रेडिएटर साफ केला, म्हणजे निकाल लागतो तिथे दुरुस्ती केली. चूक झाली होती दुसरीकडे.

माझी खात्री आहे की त्या मिस्त्रींनी कार्नो किंवा डिझेल वाचलेला नव्हता. पण त्यांच्या तपासाचा क्रम बघा. आधी पाणी, मग पाण्याला वारा, मग भार, आणि शेवटी इंधनाची वेळ. १८९३नंतर पाणी आलं, १९०१ला मधाच्या पोळ्याचा रेडिएटर, १९२७ला पंप. इंजिनात हे भाग ज्या क्रमानं आले, साधारण त्याच क्रमानं त्यांचे हात फिरले. शिवाय स्वस्त तपासणी आधी आणि महाग शेवटी. थंड गाडी, हात, कान, धुराचा रंग एवढ्यावर हे झालं. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानानं हवा कमी. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर पाणी. निळा म्हणजे ऑइल. आजच्या गाडीत स्कॅनर लावला की कोड येतो, आणि ते चांगलंच आहे. पण कोड एखाद्या सेन्सरचं म्हणणं सांगतो. उष्णता कोणत्या वाटणीतून कोणत्या वाटणीत गेली, हे अजूनही माणसालाच शोधावं लागतं.

जुन्या डिझेलबद्दल हळवं व्हायचं मात्र कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. त्या गॅरेजात आयुष्य काढलेल्यांच्या छातीत तोच धूर आहे. आणि इथे इतिहासानं एक विचित्र वळण घेतलं. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड सिलिंडरमधलं तापमान फार चढलं की बनतात. ते कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय इंजिनवाल्यांना काय सापडला? इंधन थोडं उशिरा सोडायचं. मिस्त्रींनी जो दोष काढून टाकला, तोच दोष मोजूनमापून कारखान्यात घातला गेला, कारण हवा स्वच्छ ठेवायची होती. किंमत तीच: थोडं जास्त डिझेल, थोडी कमी ओढ, रेडिएटरवर जास्त भार. नंतर धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडायची युक्ती आली. तो थंड करतं पुन्हा तेच पाणी. म्हणून नव्या ट्रकचा रेडिएटर मोठा होत गेला.

पाण्याशिवायचं इंजिन हे स्वप्न मधे एकदा परत आलं होतं. १९८०च्या सुमाराला अमेरिकी लष्कराच्या वाहन विभागानं आणि कमिन्स कंपनीनं (हीच कंपनी १९६२पासून किर्लोस्करांबरोबर पुण्यात इंजिनं बनवत होती) उष्णता अडवणारे सिरॅमिकचे भाग वापरून एक ट्रक बनवला. रेडिएटर नाही, पंखा नाही, पाण्याचा पंप नाही. तो रस्त्यावर खरोखर धावला. पण अपेक्षेएवढा फायदा झाला नाही. पाण्यात जाणारी उष्णता अडवली, तर तिच्यातली बरीचशी चाकाकडे न जाता धुरातून निघून गेली. तापलेल्या सिलिंडरमध्ये ताजी हवा कमी मावायला लागली आणि ऑइल टिकेना. आज जहाजांच्या अवाढव्य इंजिनांनी पन्नास टक्क्यांचा आकडा जेमतेम ओलांडलाय. ७३ अजून लांब आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या घरातली जुनी डिझेल गाडी घाटात तापली, तर बाजूला घ्या. पाणी सांडत नसेल, पट्टा तुटलेला नसेल आणि वाफ येत नसेल, तर इंजिन दोनचार मिनिटं भाराशिवाय चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहील. यातलं काहीही दिसलं तर लगेच बंद करा. गरम झाकणाला हात लावू नका. आत कुकरसारखा दाब असतो आणि झाकण निघालं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि गॅरेजात गेल्यावर ‘रेडिएटर बघा’ एवढंच सांगू नका. ओढ कधीपासून कमी झाली, त्याच्या आधी गाडीत कशाला हात लागला होता, सकाळचा धूर कसा असतो, हेही सांगा.